पिशवीत काय घ्याल?

मुलांनो, समजा आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. जेवणं आटोपली आहेत, उद्याचं दप्तर भरून ठेवलं आहे, आणि आई खोलीत येऊन अगदी हळू आवाजात सांगते, "चला, निघायचंय. दहा मिनिटं आहेत. प्रत्येकानं एकच पिशवी घ्यायची. कुठं जायचं ते विचारू नका, शेजारी कुणाला सांगू नका." तर त्या पिशवीत तुम्ही काय घ्याल?

हा प्रश्न मी एकदा चौथीच्या वर्गात फळ्यावर लिहिला होता. उत्तरं फार मजेदार आली. कुणी नवीकोरी कंपासपेटी लिहिली, कुणी आजीनं घातलेल्या लोणच्याची बरणी. "बाई, आमची शेळी पिशवीत कशी मावंल?" असा एकाला खराखुरा प्रश्न पडला. एका मुलीनं लिहिलं, 'घराची किल्ली.' मी विचारलं, "अगं, पण परत यायचंच नसेल तर?" तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तरी पण."

आपल्याकडे सुटकेच्या गोष्टी काही कमी नाहीत. आग्र्याहून सुटका तर तुम्हाला तोंडपाठ असेल. १६६६ साली शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले तेव्हा शंभूराजे नऊ वर्षांचे होते, म्हणजे तुमच्याएवढेच. त्यांना काही काळ मथुरेत ठेवावं लागलं होतं. पण एक फरक ध्यानात घ्या. शंभूराजे घराकडे निघाले होते. आज ज्या मुलांबद्दल मी सांगणार आहे ती घरापासून लांब पळत होती, आणि पुढं कुठलं घर मिळणार हे त्यांच्या आईबाबांनाही ठाऊक नव्हतं. अशा माणसांना आपण निर्वासित म्हणतो. सुट्टीत मामाच्या गावाला जाणं वेगळं, बाबांची बदली झाली म्हणून नागपूरहून नाशिकला जाणं वेगळं, आणि हे वेगळं.

जगातल्या लेखकांनी अशा मुलांवर पुष्कळ गोष्टी लिहिल्या आहेत, आणि त्या मोठ्यांसाठी नाहीत बरं का, तुमच्यासाठीच आहेत. त्यातली माझी सगळ्यात आवडती आहे जुडिथ कर या लेखिकेची 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट'. हिटलरनं गुलाबी ससा चोरला तेव्हा! नाव वाचून हसू येतं ना? गोष्ट आहे नऊ वर्षांच्या अ‍ॅनाची. बर्लिन शहरात तिचं मोठं घर. वडील नामांकित लेखक, ज्यू, आणि हिटलरवर उघड टीका करणारे. १९३३ साली निवडणुका तोंडावर येतात. हिटलर जिंकला तर वडिलांचा पासपोर्ट काढून घेतील, असा निरोप एक पोलीसच फोन करून देतो. वडिलांना फ्लूचा ताप असतो, तरी ते त्याच रात्री देश सोडतात. मागोमाग आई, मोठा भाऊ मॅक्स आणि अ‍ॅना आगगाडीनं स्वित्झर्लंडला निघतात.

आता पिशवीची गंमत बघा. खेळणं एकच न्यायचं असतं. अ‍ॅनाकडे दोन असतात: लहानपणापासूनचा, झिजून गेलेला गुलाबी ससा आणि नवा लोकरीचा कुत्रा. ती विचार करते, आपण थोड्याच दिवसांत परतणार, कुत्र्याशी अजून नीट खेळलेच नाही. म्हणून कुत्रा घेते. पुढं कळतं, त्यांच्या घरातलं सगळं सामान सरकारनं जप्त केलं. म्हणजे ससाही गेला. हिटलर आपल्या सशाला कुरवाळत बसला असेल, असं चित्र तिच्या डोळ्यांपुढं येतं. लढाई नाही, तोफा नाहीत, रक्ताचा थेंब नाही. एक ससा हरवला आहे एवढंच. पण वाचताना आपल्या पोटात तुटतं.

ही अ‍ॅना म्हणजे जुडिथ कर स्वतःच. त्यांचा जन्म १९२३ चा, बर्लिनचा. वडील आल्फ्रेड कर हे खरोखरच मोठे नाट्यसमीक्षक होते. निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पोलीस पासपोर्ट न्यायला घरी आले होते. तोवर पाखरं उडून गेली होती. स्वित्झर्लंड, मग पॅरिस, मग लंडन असा त्यांचा प्रवास झाला. पुस्तक लिहिलं ते पुष्कळ वर्षांनी, १९७१ मध्ये. आणि त्यांचा मोठा भाऊ, जो पुस्तकातला मॅक्स, तो पुढं इंग्लंडमध्ये न्यायाधीश झाला.

या पुस्तकात शाळेचा भाग फार छान आहे. अ‍ॅना पॅरिसच्या शाळेत जाते तेव्हा तिला फ्रेंचचं अक्षर समजत नाही. महिनोन्महिने ती मनात आधी जर्मनमध्ये वाक्य जुळवते, मग त्याचं फ्रेंच करते, आणि तोवर बोलणं पुढं निघून गेलेलं असतं. आणि एके दिवशी, काहीही वेगळं न करता, ती आपोआप फ्रेंच बोलू लागते. पोहायला शिकताना एकदम पाय सुटतात तसं. ज्या मुलांच्या घरी गोंडी, छत्तीसगढी किंवा तेलुगू बोलतात आणि शाळा मात्र मराठी असते, त्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं पुस्तक जरा जुनं, १९५६ सालचं. 'द सिल्व्हर स्वोर्ड', लेखक इयन सेरेलियर. हे गृहस्थ स्वतः शाळामास्तर होते, आणि गोष्टीतली मुलंही मास्तरांचीच आहेत! पोलंड देशातल्या वॉर्सा शहरात बालिकी नावाचे हेडमास्तर असतात. वर्गात लावलेलं हिटलरचं चित्र ते भिंतीकडे तोंड करून फिरवतात, आणि एवढ्याशा गुन्ह्यासाठी त्यांना तुरुंगछावणीत टाकतात. मग एका रात्री सैनिक आईलाही धरून नेतात. रूथ, एडेक आणि धाकटी ब्रोनिया छपरांवरून पळतात. मागं त्यांचं घर सुरुंगानं उडवून देतात.

रूथ तेव्हा तेरा वर्षांचीही नसते. पडक्या घराच्या तळघरात ती भावंडांना सांभाळते. आणि काय करते सांगा? शाळा काढते! गावात भटकणारी अनाथ पोरं गोळा करून त्यांना शिकवते, गोष्टी सांगते. मी डी.एड. करताना शाळेची इमारत, फळा, हजेरीपट या सगळ्यांवर कितीतरी पानं लिहिली. रूथकडे यातलं काहीच नव्हतं. पुढं त्यांना यान नावाचा एक हट्टी, चोरटा पण जिवाला जीव देणारा मुलगा भेटतो. त्याच्याकडे एक लाकडी डबा असतो, त्यात जपलेल्या वस्तू, आणि काखेत जिंपी नावाचा कोंबडा. डब्यात एक छोटी चांदीची तलवार असते, म्हणजे कागद कापायची सुरी. ती या मुलांच्या वडिलांनीच त्याला दिलेली! तिच्यावरून वडील जिवंत असल्याचा पत्ता लागतो, आणि चौघं स्वित्झर्लंडच्या वाटेला लागतात. शेवट मला थोडा जुळवून आणल्यासारखा वाटतो, खरं सांगते. पण पहिली शंभर पानं वाचताना चहा गार होतो.

पोलंड म्हणजे कुठं तरी लांबचा देश, असं म्हणून पान उलटू नका. पोलंडची अशीच घरदार सुटलेली मुलं आपल्या महाराष्ट्रात राहून गेली आहेत. तीही दोन-चार नव्हेत. कोल्हापूरजवळ वळिवडे नावाचं गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, आणि त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती.

ती इथवर कशी आली? दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा पोलंडचा पश्चिम भाग जर्मनीनं गिळला आणि पूर्व भाग सोव्हिएत रशियानं. फेब्रुवारी १९४० पासून रशियन सैनिक रात्री-बेरात्री दारं ठोठावू लागले. सामान बांधायला कुणाला अर्धा तास मिळाला, कुणाला तासभर. मग गुरांच्या डब्यांतून सैबेरियाकडे रवानगी. तिथली थंडी, उपास, लाकूडतोड. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा पोलिश कैद्यांना सोडण्यात आलं. मग रेल्वेनं दक्षिणेकडे, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात, आणि तिथून हिंदुस्थानात. नकाशाची वही काढा आणि सैबेरिया ते कोल्हापूर अशी पेन्सिलीनं रेघ ओढून बघा. वाटेत कितीतरी मुलांचे आईबाप गेले. काही मुलं आधी गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला होती. नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना आसरा दिला होता. १९४६ मध्ये त्यांतली पुष्कळ मुलं वळिवड्याला आली.

वळिवड्यात त्यांच्यासाठी बराकी होत्या, शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं व्हायची, स्काउट-गाइडची पथकं होती. जवळच पंचगंगा वाहत होती. सैबेरियाच्या बर्फातून आलेल्या पोरांना कोल्हापूरचं ऊन काय वाटलं असेल! युद्ध संपलं, आणि ती माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी जगभर पांगली. एक मुलगी मात्र लग्न करून कोल्हापूरकर झाली ती कायमची. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या सगळ्याची आठवण म्हणून स्तंभ उभा आहे, आणि तिकडे पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट १९४२ च्या चले जाव चळवळीबद्दल आपण परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहितो. त्याच वर्षी कराचीच्या बंदरात उतरणारी ही पोरं मात्र पुस्तकात भेटत नाहीत.

त्यांच्या सैबेरियाची कल्पना यायला हवी असेल तर एस्थर हाउट्झिग यांचं 'द एन्डलेस स्टेप' हे १९६८ सालचं पुस्तक आहे. हे कादंबरीसारखं वाचावं, पण लिहिलं आहे स्वतःच्या बालपणावर. एस्थर पोलंडमधल्या विल्ना शहरातली, दहा वर्षांची. तिच्या घरी सैनिक येतात. सगळ्यांना न्यायचं ठरतं, आणि नेमका त्याच वेळी तिचा मामा दारात येतो. सैनिक आईला विचारतो, हा कोण? आई म्हणते, मी याला ओळखत नाही. आपल्या सख्ख्या भावाला! त्याला सैबेरियाला जावं लागू नये म्हणून. पण पुढं हिटलरचं सैन्य विल्नात घुसलं आणि मागं राहिलेल्या त्यांच्या बहुतेक नातेवाइकांना मारलं. सैबेरियात गेले ते वाचले. माणसानं कितीही जपून पाऊल टाकलं तरी अशा काळात कुठल्या बाजूला खड्डा आहे ते दिसत नाही.

आणि आता ऐका, वळिवड्याच्या बराकींचं पुढं काय झालं. पोलिश लोक गेले, आणि त्याच बराकींमध्ये राहायला आले सिंधी निर्वासित! त्या वस्तीचं आजचं नाव गांधीनगर, कापडाच्या बाजारपेठेसाठी सगळ्या कोल्हापूर भागात प्रसिद्ध. एका देशातून पळालेल्यांचं घर दुसऱ्या देशातून पळालेल्यांना मिळालं.

सिंधी म्हटलं की नागपूरच्या मुलांना लगेच जरीपटका आठवेल. सकाळी दाल-पकवान खायला जातो तोच. नाव बघा कसं आहे: जरीपटका म्हणजे मराठ्यांचं निशाण, आणि तिथं वसले सिंधचे लोक. १९४७ मध्ये फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले, एक इकडे, एक तिकडे. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. त्यामुळे तिथून आलेल्या हिंदूंना 'आपला' असा प्रांतच उरला नाही. कुणी आगगाडीनं आले, कुणी कराचीहून बोटीनं मुंबईला. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत इतके लोक राहिले की १९४९ मध्ये त्याचं उल्हासनगर झालं. अनेकजण नागपुरात आले. हातगाडीवर, डोक्यावर माल घेऊन त्यांनी धंदे उभारले. शरणार्थी म्हटलेलं फाळणीत आलेल्या पुष्कळांना आवडायचं नाही. आम्ही पुरुषार्थी, असं ते म्हणायचे. आपण रोज शाळेत राष्ट्रगीत म्हणतो, त्यात सिंधचं नाव आहे. उद्या म्हणताना त्या शब्दाशी येऊन बघा.

या सिंधवरची गोष्ट म्हणजे वीरा हिरानंदानी यांची 'द नाइट डायरी', २०१८ सालची. अमेरिकेत तिला न्यूबेरी सन्मान मिळाला. मीरपूर खास गावातली निशा आणि तिचा जुळा भाऊ अमिल, दोघांचा बारावा वाढदिवस, आणि घरातला स्वयंपाकी काझी निशाला एक वही भेट देतो. निशा फारशी बोलत नाही. ती रोज रात्री त्या वहीत आपल्या आईला पत्र लिहिते. आई ती जन्मली तेव्हाच वारलेली. वडील हिंदू, आई मुसलमान होती. मग फाळणीनंतर या मुलांनी कोणत्या बाजूला जायचं? निशाला हे कोडं सुटत नाही, आणि खरं सांगा, तुम्हाला तरी सुटतं का? काझी मुसलमान, म्हणून तो मागं राहतो. निघताना तो निशाला आपला खलबत्ता देतो. वाळवंटातून पायी चालताना प्यायचं पाणी संपत येतं, पण तो दगडाचा जड खलबत्ता ती टाकत नाही. लेखिकेच्या वडिलांचं कुटुंब असंच मीरपूर खासहून जोधपूरला आलं होतं.

आपल्या विदर्भात आणखीही अशी गावं आहेत. १९५९ च्या मार्चमध्ये दलाई लामा तिबेटातून भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी हिमालय ओलांडून आले. त्यांतल्या काहींना १९७२ मध्ये तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात गोठणगावला जागा मिळाली. आता ते गोंदिया जिल्ह्यात येतं, इटियाडोह धरणाजवळ. धानाची शेती, सागाचं जंगल, आणि मधेच वाऱ्यावर फडफडणाऱ्या प्रार्थनेच्या रंगीत पताका! बर्फातल्या माणसांनी आपला मे महिना कसा सोसला असेल, हा विचार दरवेळी मनात येतो. गडचिरोलीत चामोर्शी, मुलचेरा भागात पूर्व बंगालमधून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत. हिवाळ्यात स्वेटर घ्यायला तिबेटी लोकांच्या दुकानात जाल तेव्हा भाव करा, जरूर करा, पण "तुमचं गाव कोणतं?" असंही विचारा.

खाण्याची आणि घराची गाठ कशी असते ते बघायचं तर थान्हा लाइ यांची 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन' वाचा. सगळी गोष्ट छोट्या छोट्या कवितांमध्ये आहे. दहा वर्षांच्या हाचं घर व्हिएतनाममध्ये, सायगावला. अंगणात तिनं लावलेलं पपईचं झाड. १९७५ मध्ये युद्ध हरल्यावर तिचं कुटुंब जहाजावर चढतं आणि अमेरिकेतल्या अलाबामात पोहोचतं. तिथं शेजारीण प्रेमानं वाळवलेली पपई देते. साखरेत घोळलेली, चिवट. हाला ती बेचव वाटते, राग येतो, ती फेकून देते. मग आई त्याच फोडी पाण्यात भिजत घालते. घरच्या पपईसारखं नाही, पण अगदीच टाकाऊही नाही.

बेव्हर्ली नायडू यांच्या 'द अदर साइड ऑफ ट्रुथ' बद्दल थोडक्यात सांगते, कारण ते सातवीच्या पुढच्या मुलांनीच वाचावं. नायजेरियातली शादे आणि तिचा भाऊ फेमी लंडनला पळतात, आणि तिथं त्यांना आपली खरी नावंसुद्धा सांगायची भीती वाटते. खरं बोला असं शिकवणाऱ्या बापाच्या मुलांना खोटं बोलून जगावं लागतं, असा पेच आहे.

आता दोन शब्द आईबाबांसाठी. "अशी रडकी पुस्तकं मुलांना कशाला?" असं पालकसभेत मला विचारतात. जगात २०२४ च्या अखेरीस १२ कोटींहून जास्त माणसं घरातून हुसकली गेलेली होती, आणि त्यांत दर दहांमागे चार मुलं होती. टीव्हीवर ती मुलं तुमच्या मुलाला दिसतातच, पण गर्दी म्हणून दिसतात. गोष्टीत एकच मुलगी असते, तिला नाव असतं आणि ससा असतो. इंग्रजी वाचता येत नसेल तर मोठ्या दादा-ताईनं आधी वाचावं आणि रात्री मराठीत सांगावं; माझ्या वर्गात तसंच चालतं. तिसरी-चौथीला गुलाबी ससा, पाचवी-सहावीला चांदीची तलवार आणि पपई. 'नाइट डायरी'त दंगलीचे प्रसंग आहेत, ते आधी स्वतः वाचून बघा, आणि वाचताना मुलाजवळ बसा. मूल मध्येच उठून पाणी प्यायला गेलं तर जाऊ द्या.

आणि मुलांनो, वळिवड्यावर, जरीपटक्यावर, गोठणगावावर मराठीत अशी कादंबरी कोण लिहिणार? १९४७ मध्ये जे दहा वर्षांचे होते ते आता नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या ओळखीत असे कोणी आजी-आजोबा असतील तर एक दोनशे पानी वही घ्या आणि त्यांच्याकडे जा. मोठे मोठे प्रश्न विचारू नका. गावाचं नाव काय, शाळा कुठं होती, शेजारी कोण राहायचं, गाडीत जागा मिळाली होती का, इथं आल्यावर पहिल्यांदा काय खाल्लं, असलं विचारा. ऐकाल तसं लिहा, सिंधी किंवा बंगाली शब्द आला तर तसाच ठेवा, मागून अर्थ विचारा. तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव वर लिहा. आणि बोलता बोलता आजोबा गप्प झाले, तर वही मिटा आणि त्या दिवशी पुढं काही विचारू नका. दुसऱ्या रविवारी परत जा.